नऊ तास पुढे

दाताच्या दवाखान्यात मी एक तास लवकर पोचले असते तर एवढं काही वाटलं नसतं. मी दोन तास लवकर पोचले होते. काउंटरवरच्या मुलीने आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॉम्प्युटरकडे, आणि शाळेतल्या बाई ज्या आवाजात 'पुन्हा एकदा वाच पाहू' म्हणतात त्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची वेळ बाराची आहे." मी म्हटलं, "अकराची होती. काल तुम्हीच फोन करून सांगितलंत ना, एक तास पुढे घेतली म्हणून?" "हो, पुढे घेतली. म्हणून तर बारा." "पुढे घेतली म्हणजे दहा." "पुढे म्हणजे बारा, मॅडम," ती म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात इतकी गोडी होती की भांडायची सोयच उरली नाही. कालचा फोन माझ्या नवऱ्याने घेतला होता. मी तिथेच उभी राहून त्याला फोन लावला. "पुढे म्हणजे तुला काय वाटलं होतं?" "मला कशाला काही वाटेल?" तो म्हणाला. "त्या म्हणाल्या पुढे, मी तुला म्हणालो पुढे. निरोप पोचवणाऱ्याने अर्थ लावू नये." लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी हा माणूस आठवड्यातून दोनदा मला निरुत्तर करतो. मी फोन पिशवीत टाकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

एका लोखंडी दांड्यावर पाच खुर्च्या जोडलेल्या होत्या. मी या टोकाला बसले होते, तेवढ्यात एक चांगले भरभक्कम गृहस्थ आले आणि त्या टोकाला बसले. त्यांच्या बसण्याने मी किंचित वर आले. त्यांनी पाय हलवला की माझा गुडघा हलायचा, आणि जिभेने मी माझ्या डाव्या बाजूच्या दाढेवरची सैल झालेली टोपी हलवत होते, तिचीही आपली वेगळीच लय चालली होती. एरवी मला असल्या गोष्टीत मजा वाटते. माझा धंदाच तो आहे: कुणीतरी कुठेतरी बसतं, आणि दुसऱ्या टोकाला काहीतरी हलतं. पण त्या सकाळी मला कशातच मजा वाटत नव्हती. चार वाजता मला सरांकडे जायचं होतं, आणि जाऊन सांगायचं होतं की सर, तुमचा हेलकावा नाही. म्हणजे कधी नव्हताच. गुरुवारी मी तशा कागदावर सही करणार आहे, तो हिशेब बंद होणार आहे, आणि हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून मी आले आहे. हे वाक्य मी चार दिवस घोकत होते. आंघोळ करताना घोकलं, भाजी चिरताना घोकलं. 'नाही' या शब्दापाशी आलं की दर वेळी मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. सर त्र्याऐंशी वर्षांचे आहेत.

हेलकावा म्हणजे काय ते सांगायला हवं. टबात पाणी घेऊन चालू लागलं की पाणी या काठाकडून त्या काठाकडे जातं आणि परत येतं. आपण थांबलो तरी ते लगेच थांबत नाही. महासागराचंही तसंच. दूर कुठे मोठं वादळ झालं की अख्खा समुद्र ढवळला जातो, आणि वादळ विरल्यावरही पाणी काठाकाठाने गोल फिरत राहतं. लाट म्हणून ते कुणाला दिसायचं नाही. हजारो मैलांवर पाच-सहा सेंटीमीटरचा चढउतार, तोही तासन्‌तास घेऊन. रोजची भरतीओहोटी त्याच्यावरून मिरवत जाते आणि हा बिचारा तिच्याखाली आपला आपला फिरत असतो. सरांनी तीस वर्षांपूर्वी, वहीत, पेनने, हिशेब करून सांगितलं होतं की आमच्या समुद्राची एक फेरी छत्तीस तासांची असली पाहिजे. बाकी सगळे म्हणत होते चौतीस. दोन तासांच्या फरकासाठी माणसं किती भांडू शकतात ते मी त्या वर्षांत पाहिलं.

सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्यांच्या खोलीतल्या जुन्या सोफ्याच्या एका टोकाला बसायला सांगितलं आणि स्वतः धपकन दुसऱ्या टोकाला बसले. मी अर्धी वीत वर आले. "काय झालं?" "सर, मी वर आले." "का?" "तुम्ही बसलात म्हणून." "मग समुद्र बसतो तेव्हा जमीन काय करत असेल?" मी तेवीस वर्षांची होते, आणि जमीन काही करत असेल हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. जमीन म्हणजे जे काही करत नाही ते, अशी माझी समजूत होती. सर म्हणाले, "जमीन लवते. पाण्याचा भार आला की लवते आणि गेला की वर येते. खचत नाही हं, वेंधळे, लवते, पापणी लवते तशी." वेंधळी हे माझं नाव त्या दिवशी पडलं, का पडलं ते मी सांगणार नाही, पण त्यात एक चहाचा कप आणि सरांची वही आहे. मग त्यांनी समजावलं की तळ ताठ आहे असं धरलं तर पाणी चौतीस तासांत फेरी मारून परत येतं. पण तळ लवला की तिथे खोलगा होतो, खोलग्यात आणखी पाणी येतं, ते पाणीही भार घालतं, आणि या सगळ्या आदरातिथ्यात फेरीला दोन तास जास्त लागतात. आदरातिथ्य हा त्यांचाच शब्द. पुढची अठ्ठावीस वर्षं मी तेवढंच केलं: समुद्राचे तुकडे पाडले, तळाचे तुकडे पाडले, एका तुकड्यावरचं पाणी दुसऱ्या तुकड्याला किती लववतं याची कोट्यवधी गणितं मशीनकडून करून घेतली. आमच्या मॉडेलने उत्तर दिलं, छत्तीस. आता हवा होता तो पुरावा. पाणी पुढ्यात आलं की जमीन खरोखर खाली जाते, आणि वेळेवर खाली जाते, हे कुणीतरी मोजून दाखवायला हवं होतं.

ते मोजणारं यंत्र टोकावर आहे. टोक म्हणजे समुद्रात घुसलेला खडक, त्यावर एक खोली, खोलीत यंत्र. आमच्या मॉडेलप्रमाणे हेलकावा आधी बंदरावर चढतो आणि तिथून नऊ तासांनी टोकावर. म्हणजे टोकाची जमीन बंदरातल्या पाण्यापेक्षा नऊ तास उशिरा सर्वांत खाली जायला हवी. किती, तर जेमतेम एक मिलिमीटर. एवढंसं काही पकडायचं तर वर्षानुवर्षांचे आकडे लागतात. पहिली चार वर्षं टोकावर एक जुने रखवालदार होते. त्यांच्या तक्त्यात शेवटचा रकाना असायचा, 'उशीर', आणि त्यात दर तिमाहीला नऊच्या आसपासचा आकडा. आठ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक एक. ती चार वर्षं काय सुखाची होती! मी तक्ता हातात घेऊन सरांकडे पळत जायचे आणि आम्ही दोघं लहान मुलांसारखे त्या आकड्याकडे बघत बसायचो. मग रखवालदार निवृत्त झाले, नवं यंत्र आलं, आणि यंत्राबरोबर नवी बाई आली. तिला आम्ही टोकावरची म्हणतो. तिचा पहिला तक्ता आला आणि सगळं उलटं झालं. तिच्या रकान्याचं नाव 'पुढे', आणि आकडा नऊ. म्हणजे जमीन पाण्याच्या उशिरा नाही, नऊ तास आधीच खाली जाऊन बसलेली. नऊ तास आधी आणि नऊ तास नंतर यांत अठरा तासांचं अंतर, आणि अठरा म्हणजे बरोबर अर्धी फेरी. म्हणजे टोकावर पाणी चढून दाबत असताना जमीन वर येत होती. गादीवर हत्ती बसावा आणि गादी फुगावी, तसलं काहीतरी.

आकडा तोच आणि बाजू उलटी, याची मला शंका यायला हवी होती. पण आम्ही शिकलेली माणसं. साधी शंका आम्हाला येत नाही, आम्हाला थोर शंका येतात. समिती बसली. समितीने ठरवलं की जुन्या यंत्राची तार उलटी जोडलेली होती, वरचं खाली दाखवत होती, म्हणून पहिली चार वर्षं जुळल्यासारखी वाटली. नवं यंत्र कशाला खोटं बोलेल? तसं पत्र जुन्या रखवालदारांना गेलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: 'माझी तार सरळ होती.' ते पत्र मी फायलीत लावलं आणि त्यानंतर ती फाईल उघडायची मला लाज वाटत राहिली. सात वर्षं तिमाहीमागून तिमाही 'पुढे नऊ' येत राहिलं. जमिनीचं ते हलणं हेलकाव्याचं असूच शकत नाही, हवेच्या दाबाचं असेल, उन्हाचं असेल, आणि हेलकावा बहुधा आमच्या मॉडेलच्या डोक्यातच असेल, असं सगळे म्हणू लागले. शेवटी मीही म्हणू लागले. फक्त सरांसमोर नाही. दर दुसऱ्या रविवारी मी त्यांच्याकडे जायचे, ते विचारायचे, "काय म्हणतोय आपला हेलकावा?" आणि मी म्हणायचे, "मजेत आहे, सर." मग आम्ही दोन तास त्याच्याविषयी बोलायचो. परत येताना मला इतकं खोटं खोटं वाटायचं की एक थांबा आधी उतरून मी चालत घरी यायचे.

तर अशी मी त्या खुर्चीत बसले होते, दहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि नवऱ्यावरचा राग अजून पुरता उतरला नव्हता. म्हणजे बघा, मी मनात म्हणत होते, चूक एका तासाची, आणि मी बसणार दोन तास. हा कुठला न्याय? वेळ एक तास तिकडे सरकली आणि मी एक तास इकडे सरकले. एकाचे दोन झाले. एका शब्दाने. जिभेने टोपी हलवली. एकाचे दोन, नऊचे अठरा. पलीकडच्या गृहस्थांनी पाय हलवला आणि माझा गुडघा हलला. नऊचे अठरा, हे मी कुठल्याही अर्थाने म्हटलं नव्हतं, पाढ्यासारखं तोंडात आलं होतं. मला आधी वाटलं चक्कर येतेय, सकाळी नीट खाल्लं नव्हतं. आणि त्याच वेळी मला स्वच्छ दिसत होता तो रकाना, त्याच्या डोक्यावरचा तो शब्द, आणि पहिल्या दिवशी, सात वर्षांपूर्वी, कीबोर्डवर पडलेलं माझं स्वतःचं बोट. पुढे, म्हणून उणे. घड्याळ पुढे असतं तसं. विचारायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. 'पुढे' शब्दाचा अर्थ कोण कुणाला विचारतं?

मी टोकावरचीला फोन लावला. तिथे कायम वारा असतो, त्यामुळे ती कायम ओरडून बोलते, आणि तिच्याशी बोलताना आपणही ओरडतो. "बोला मॅडम! गुरुवारचं कानावर आलं. फार वाईट वाटलं." "ते राहू दे. तुझ्या तक्त्यात शेवटचा रकाना आहे ना, पुढे म्हणून?" "आहे ना. जमीन बंदराच्या किती तास पुढे, ते." "पुढे म्हणजे काय?" "पुढे म्हणजे पुढे!" "आधी की नंतर?" वाऱ्यातूनसुद्धा मला तिची कीव ऐकू आली. तिला वाटलं असणार, बाईंना फार लागलंय. "अहो मॅडम, पुढे म्हणजे नंतर. पुढचा सोमवार काय होऊन गेलेला असतो का?" मी डोळे मिटले. "आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, तेव्हा?" "तेव्हा…" ती थांबली. नुसता वारा येत राहिला. "तेव्हा ते लवकर असतं," ती हळू म्हणाली. इतकी वर्षं ओळखते पण तिला हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "मी तुझा आकडा सात वर्षं घड्याळासारखा वाचला." "अगं आई गं!" मग पुन्हा ओरडून, "तुम्ही विचारलं का नाहीत?" "तू सांगितलं का नाहीस?" "पुढे शब्द कुणी समजावून सांगतं का मॅडम, मी काय बालवाडीत शिकवते?" आणि मग ती हसायला लागली. ती हसली म्हणून मीही हसले. पलीकडचे गृहस्थ हसले नाहीत पण माझ्या हसण्याने दांडा हलला आणि तेही आपोआप हलू लागले. मी उठले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची वेळ?" "पुढे ढकला." तिने पेन उचललं आणि थबकली. "म्हणजे नंतर ना?" "ढकलली की नंतरच," मी म्हटलं. "घेतली की भानगड."

ऑफिसपर्यंत रिक्षा, बस काही न करता मी चालत गेले, खरं तर चालत नाही, ज्याला पळणं म्हणता येणार नाही इतपत पळत. रस्त्यात माणसं आपापल्या कामाला जात होती. फळवाल्याकडे कुणीतरी कलिंगड थोपटून बघत होतं, एका बाईच्या हातातल्या पिशवीतून पावाची लादी डोकावत होती, आणि मला प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं. आपण सगळे लवतो आहोत! काही म्हणजे काही बिघडत नाही! पण मग भीती वाटली. आनंदाच्या पोटात लगेच भीती येतेच. मला वाटलं, आणि नसेल जुळत तर? सात वर्षं जे हात धुऊन मागे लागलं ते असं एका शब्दासरशी सुटतं का? एवढं सोपं असतं का कुठे? ऑफिसात कुणाशी न बोलता मी मशीनपुढे बसले. अठ्ठावीस तिमाह्या, अठ्ठावीस आकडे, प्रत्येकापुढचं ते उणेचं चिन्ह मी हाताने पुसलं. एका ओळीच्या आज्ञेने सगळे पुसता आले असते. पण घातले होते मी एकेक करून, तेव्हा म्हटलं काढूही तसेच. मग हिशेब चालू केला आणि चाळीस मिनिटं खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या मोजत बसले. त्या अकरा आहेत. पडद्यावर दोन रेघा आल्या, निळी पाण्याची आणि लाल जमिनीची. निळी वर चढली तिथे लाल खाली वाकली, निळी उतरली तिथे लाल वर आली, अकरा वर्षांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकदाही न चुकता, जणू दोघी एकमेकींचा हात धरून आहेत. मी बाहेरच्या लांब गॅलरीत गेले. कुणी नव्हतं. मी दोन उड्या मारल्या. एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने उड्या मारू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही, पण गुडघ्यात लिहिलेलं असतं, तरी मी तिसरीही मारली. मग साहेबांना लिहिलं की गुरुवारच्या कागदावर मी सही करणार नाही, कारण सोबत जोडलं आहे. आणि जुन्या रखवालदारांना लिहिलं: 'तुमची तार सरळ होती. चूक माझी होती. मला क्षमा करा.' उत्तर पाच मिनिटांत आलं. 'माहीत आहे,' त्यात लिहिलं होतं, आणि खाली, 'जेवायला कधी येता?' ते वाचून मात्र मला रडू आलं. मी बाथरूममध्ये जाऊन चांगलं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि लॅपटॉप बगलेत मारून निघाले.

सरांच्या घराला दोन जिने आहेत. ते जिने मी सात वर्षं मुद्दाम गाणं गुणगुणत चढत आले, आत जाताना चेहरा आनंदी असावा म्हणून. त्या दिवशी गाणं सुचेना, धाप लागली होती. काकूंनी दार उघडलं. "अगं, तू चारला येणार होतीस ना?" "लवकर आले," मी म्हटलं, तो दुसरा शब्द मी मोठ्या कष्टाने टाळला. सर खिडकीजवळच्या खुर्चीत भिंग घेऊन पेपर वाचत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझे सुजलेले डोळे पाहिले, बगलेतला लॅपटॉप पाहिला, आणि पेपर घडी करून मांडीवर ठेवला. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "बस. काही बोलू नकोस. गुरुवारचं मला कळलंय." "सर, पण ऐका तर…" "आधी तू ऐक. मी तुझा गुन्हेगार आहे." मी बसले. "नव्या यंत्राचा पहिला तक्ता तू आणून दाखवलास, त्या रात्रीच मी हिशेब केला. माझा हेलकावा संपला, हे मला तेव्हाच समजलं. सात वर्षं झाली. मी त्यावर विश्वास ठेवलेला नाही, एक दिवस नाही. पण तू दर दुसऱ्या रविवारी गाणं म्हणत जिना चढायचीस. मला वाटलं, या पोरीकडून हेलकावा काढून घेतला तर हिच्याकडे राहील काय? म्हणून मी आपला विचारत राहिलो, काय म्हणतोय, काय म्हणतोय. मी तुझी सात वर्षं फुकट घालवली, वेंधळे. मला सांगायची हिंमत झाली नाही."

मी हसले. अत्यंत चुकीच्या वेळी, पोटातून, थांबवताच येईना असं हसले. सरांचा चेहरा दुखावला गेला, खालचा ओठ बाहेर आला, आणि तो पाहून मला आणखी हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा डोळ्यांतून पाणी. "सर," मी म्हटलं, "मी पण." "तू पण काय?" "मी पण सात वर्षं विश्वास ठेवलेला नाही. तुमच्यासाठी यायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." सरांनी मान हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली, कारण तिथे काकू उभ्या होत्या आणि त्यांनी पदर तोंडावर धरला होता. "तुला माहीत होतं?" "दोघांचंही माहीत होतं," काकू म्हणाल्या. "हिने मला ओट्यापाशी सांगितलं, तुम्ही झोपताना सांगितलंत, आणि दोघांनीही शपथ घातलीत. शपथ मोडू की काय?" "अगं पण सात वर्षं!" "मग? सात वर्षं दर दुसऱ्या रविवारी ही येत होती, तुम्ही दाढी करून बसत होतात, दोघं डोकी जुळवून तासन्‌तास बोलत होतात. त्यात मी कशाला मोडता घालू? म्हटलं, समुद्र काही पळून जात नाही." आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मग मी लॅपटॉप उघडला. सरांना मी 'पुढे'ची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, दवाखान्यातल्या मुलीपासून. ते आधी समजले नाहीत, मग समजले; समजले तो क्षण मी पाहिला, त्यांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांनी भिंग घेतलं आणि निळी रेघ धरून चालू लागले. पडद्यावर नाक टेकेल इतके वाकून, डावीकडून उजवीकडे, एक एक उंचवटा, एक एक खोलगा. अकरा वर्षं चालायला त्यांना बराच वेळ लागला. मी त्यांच्या मानेवरचे पांढरे, नीट न कापलेले केस बघत होते आणि मला त्यांच्यावरच्या मायेने इतकं भरून आलं होतं की आणखी एक शब्द बोलले असते तर गोंधळच झाला असता. शेवटच्या खोलग्यापाशी ते थांबले. "किती?" "एक मिलिमीटर, सर. टोकावर." "आणि फेरी?" "छत्तीस तास. छत्तीस आणि चार मिनिटं." "ती चार मिनिटं कुठून आली?" त्यांनी लगेच विचारलं, आणि मी म्हटलं, "माहीत नाही," आणि आम्ही दोघं इतके खूश झालो की सांगता सोय नाही. माहीत नसलेली चार मिनिटं! आता निदान दोन वर्षं तरी बघायला नको.

सर खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या घराची भिंत, वाळत घातलेल्या चादरी. समुद्र आमच्या गावातून दिसत नाही, गाडीने दोन तास लागतात. "आत्ता काय चाललंय तिकडे?" त्यांनी विचारलं. "परवा दक्षिणेला मोठं वादळ झालं. पाणी फिरतंय. दुसरी फेरी आहे." "टोकावर कधी चढतंय?" मी घड्याळ बघितलं. "आता एक पस्तीस. अडीचला सगळ्यात जास्त." "म्हणजे जमीन अडीचला सगळ्यात खाली." "हो." "तिथे एक मिलिमीटर. आणि इथे? या घरात?" "इथे अर्धा." "अर्धा," सर म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन स्वतःला उभं केलं, पायांतल्या सपाता एकामागून एक काढून बाजूला सारल्या, आणि उघडे पाय फरशीवर नीट टेकवून, बोटं पसरून उभे राहिले. मीही चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काही जाणवत नव्हतं. अर्धा मिलिमीटर उतरायला अठरा तास लागतात, पायाला काय कळणार आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? फरशी गार होती. सरांनी माझा हात घट्ट धरला होता. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि आम्हाला तसं अनवाणी, हातात हात घालून, जिथल्या तिथे उभं पाहून दारातच थांबल्या.

"आता कुठे निघालात दोघं?"

"खाली," सर म्हणाले. "ठेव तो ट्रे, आणि तूही ये."